टार: फाइलींचा गठ्ठा बांधायचा, दाबायचा, सोडवायचा आणि तपासायचा

शिरपूरचा माझा भाचा फोनवर म्हणतो, "मामा, तुम्ही सांगा, मी लिखस." मग मी जळगावात बसून एकेक अक्षर उच्चारतो आणि तो तिकडे टाइप करतो. हा लेख त्याच पद्धतीने लिहिला आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. 'टार' म्हणजे टी-ए-आर, '-सी' म्हणजे आडवी रेघ आणि तिला चिकटून सी. दोन शब्दांमध्ये जागा दिसली की स्पेस द्यायची. फोल्डर आणि फाइलींची तुमची स्वतःची नावं मात्र देवनागरीत असली तरी चालतात. ती पूर्ण टाइप करत बसू नका, पहिलं अक्षर देऊन टॅब दाबा.

आमच्याकडे 'कानबाई' नावाचा एक फोल्डर आहे. श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, घरात बसते तेव्हा रात्रभर घरातल्या बाया अहिराणी गाणी म्हणतात. ती तीन वर्षं आम्ही रेकॉर्ड केली. वेव्ह स्वरूपातली एकसष्ट रेकॉर्डिंगं, सगळी मिळून दहा तासांच्या आसपास, शिवाय गाण्यांचे शब्द लिहिलेल्या टेक्स्ट फाइली आणि काही फोटो. सीडीच्या दर्जाचा वेव्ह आवाज मिनिटाला साधारण 10 एमबी खातो, म्हणजे हा सगळा ऐवज 6 जीबीच्या वर जातो. पुढचं सगळं या फोल्डरवरूनच समजावतो.

बांधणं वेगळं, दाबणं वेगळं

जिनिंग-प्रेसिंग ज्याने पाहिलं आहे त्याला हे लगेच कळेल. मोकळी रुई गोळा करणं हे एक काम, ती प्रेसमध्ये घालून 170 किलोची गाठ पाडणं हे दुसरं. संगणकावरही ही दोन कामं वेगवेगळी आहेत. टार फक्त गोळा करतं: शंभर फाइली, त्यांची नावं, तारखा, परवानग्या, फोल्डरांची रचना, सगळं एका फाइलीत ओळीने लावून ठेवतं. त्याने आकार कमी होत नाही, उलट तसूभर वाढतो, कारण प्रत्येक फाइलीपुढे 512 बाइटची चिठ्ठी लागते. दाबण्याचं काम जीझिप, एक्सझेड अशी दुसरी साधनं करतात. म्हणूनच नाव दुहेरी असतं: कानबाई.टार.जीझेड. आधी टार झालं, मग जीझिप.

टार हे नाव 'टेप आर्काइव्ह'वरून आलं आहे. ते 1979 मध्ये युनिक्स या संगणक-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत आलं. त्या काळी डेटा चुंबकीय फितीवर ओळीने लिहीत, म्हणून टारची मांडणी आजही फितीसारखी सरळ आहे. याचा एक परिणाम लक्षात ठेवा. दाबलेल्या टारमधली एकच फाइल हवी असली तरी सुरुवातीपासून वाचत जावं लागतं. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबलेली असते आणि शेवटी अनुक्रमणिका असते, त्यामुळे तिथे थेट उडी मारता येते.

रुईची उपमा एका जागी अडते आणि तिथे गफलत होऊ नये म्हणून सांगतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी निघते, म्हणजे काहीतरी बाजूला पडतं. जीझिप किंवा एक्सझेड काहीही टाकून देत नाहीत. सोडवल्यावर मूळ फाइल बाइटगणिक तशीच्या तशी मिळते. टाकून देण्याचं काम जेपीजी आणि एमपी3 करतात, आणि ते केल्यावर त्यांनी आधीच गच्च दाबूनही ठेवलेलं असतं. पडलेली गाठ पुन्हा प्रेसमध्ये घातली तर लहान होत नाही. फोटोंचा फोल्डर जीझिपने दाबून "आकार कमी का झाला नाही" असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो.

याच्या उलट, देवनागरी मजकूर फार छान दाबला जातो. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि त्यातला पहिला बाइट दर वेळी तोच, दुसरा बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतो. एवढी पुनरुक्ती असल्यावर जीझिपला सोपं जातं. गाण्यांत धृपद परत परत येतं, ते आणखी सोपं. तुमच्याकडे टंकलेखन केलेलं जुनं साहित्य असेल तर ते नक्की दाबून ठेवा.

आधी उभं राहायचं कुठे

टर्मिनल उघडा. लिनक्स आणि मॅकवर टार आधीपासून असतं. विंडोज 10 मध्येही 2018 पासून ते सोबत येतं, कमांड प्रॉम्प्टमध्ये 'टार' टाइप करून पाहा. पीडब्ल्यूडी टाइप केलं की लिनक्सवर तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये आहात ते कळतं, एलएस केलं की आत काय आहे ते दिसतं, आणि सीडी लिहून पुढे फोल्डरचं नाव दिलं की तिथे जाता येतं.

ज्या फोल्डरचा गठ्ठा करायचा आहे त्याच्या आत जाऊ नका, त्याच्या बाहेर, एक पायरी वर उभे राहा. आत जाऊन 'इथलं सगळं' असं बांधलं तर सोडवणाऱ्याच्या फोल्डरमध्ये एकसष्ट गाणी त्याच्या बाकी कागदपत्रांत विखरून पडतात. बाहेरून बांधलं तर त्याच्याकडे 'कानबाई' नावाचा एक नीट फोल्डर तयार होतो.

आकार पाहून घ्या (टार सोडून इथल्या बहुतेक कमांड लिनक्स आणि मॅकच्या आहेत):

डीयू -एस -एच कानबाई

आणि आत एकूण किती नगं आहेत ते मोजा:

फाइंड कानबाई | डब्ल्यूसी -एल

मधली उभी रेघ बॅकस्लॅशच्या बटणावर, शिफ्टसकट. आलेला आकडा कागदावर लिहून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

बांधणं

टार -सी -झेड -व्ही -एफ कानबाई.टार.जीझेड कानबाई

सी म्हणजे नवीन तयार कर. झेड म्हणजे जीझिपने दाब. व्ही म्हणजे काय करतो आहेस ते दाखवत जा. एफ म्हणजे पुढे येतं ते गठ्ठ्याच्या फाइलीचं नाव. त्यानंतर काय बांधायचं ते.

जाणकार लोक चारही अक्षरं एकाच रेघेला जोडून लिहितात. तेही बरोबर आहे, फक्त एफ शेवटी पाहिजे, कारण एफच्या लगेच पुढे जे येतं ते नाव धरलं जातं. एफ मध्ये आणि झेड शेवटी असं जोडलं तर 'झेड' नावाची फाइल तयार होऊन बसते. शिकताना प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ द्यावी हे माझं मत आहे. फोनवर सांगायलाही ते बरं पडतं.

आता सगळ्यात धोक्याची जागा, इथे थांबून वाचा. एफनंतर नव्या गठ्ठ्याचं नाव द्यायला विसरलात आणि थेट आपल्या फाइली दिल्या, म्हणजे समजा असं लिहिलं:

टार -सी -एफ *.टीएक्सटी

तर तारकेच्या जागी सगळ्या टेक्स्ट फाइलींची नावं येतात आणि त्यातली पहिली फाइल गठ्ठ्याचं नाव समजली जाते. तिच्यातला मजकूर पुसून तिथे उरलेल्यांचा गठ्ठा लिहिला जातो. कुठलीही विचारणा होत नाही. म्हणून एंटर दाबण्याआधी एफपुढचं नाव एकदा मोठ्याने वाचायची सवय लावा: "एफ, कानबाई डॉट टार डॉट जीझेड." भाच्याकडून मी ते दर वेळी वदवून घेतो.

काही वगळायचं असेल, समजा एमपी3 प्रती नकोत, तर फोल्डरच्या नावाआधी हे घाला:

--एक्सक्लूड='*.एमपी3'

रेघा दोन आहेत आणि तारकेभोवतीची अवतरणं आवश्यक आहेत.

जीझिपच्या ऐवजी एक्सझेड वापरायचं तर -झेडच्या जागी रेघ आणि मोठा जे, आणि नावाच्या शेवटी .एक्सझेड. जीझिप 1992 चं, जाँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी लिहिलेलं. ते वेगाने चालतं आणि जवळपास कुठेही उघडतं. एक्सझेड जास्त घट्ट दाबतं, पण वेळ आणि मेमरी बरीच खातं. मी मजकुरासाठी एक्सझेड वापरतो, बाकी सगळ्याला जीझिप. मार्च 2024 मध्ये एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातल्याचं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोधून काढलं होतं. त्या आवृत्त्या तातडीने मागे घेतल्या गेल्या, पण तुमची यंत्रणा अद्ययावत आहे ना हे एकदा पाहा.

वेव्ह आवाजाला मात्र यांतलं काहीच फारसं मानवत नाही. त्यासाठी फ्लॅक आहे. आवाजातलं काहीही न गमावता ते लक्षणीय जागा वाचवतं. आम्ही आता गाणी आधी फ्लॅक करतो आणि मग न दाबता नुसतं टार करतो, म्हणजे -झेड काढून टाकतो.

काम नीट संपलं का

माझ्या हातून जे घडलं ते इथे सांगितलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी हा गठ्ठा थेट पेनड्राइव्हवर लिहिला. पडद्यावर नावं सरसर धावत होती, शेवटच्या ओळींत एक चूक आली होती, ती मी पाहिली नाही. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा होता. त्या पद्धतीत एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. गठ्ठा तिथे तुटला. मी समाधानाने लॅपटॉपवरचा मूळ फोल्डर पुसून टाकला. तुटलेल्या जागेच्या आधीची गाणी निघाली, नंतरची गेली. काही फोनवर सापडली. नऊ गाणी मिळाली नाहीत, आणि त्यातली चार ज्या आजींनी म्हटली होती त्या पुढच्या श्रावणापर्यंत राहिल्या नाहीत.

म्हणून आता बांधून झाल्याबरोबर, दुसरं काहीही टाइप करण्याआधी, हे:

इको $?

उत्तर 0 आलं तर टार समाधानी आहे. 0 सोडून काहीही आलं तर वर सरकून चूक वाचा. -व्ही लावलं की चुकीची ओळ नावांच्या गर्दीत हरवते, म्हणून मोठ्या फोल्डरला मी ते आता लावत नाही. मग पडद्यावर जे उमटतं ते फक्त अडचणीचं असतं. 'नावाच्या सुरुवातीची तिरपी रेघ काढली' अशा अर्थाची एक ओळ कधी कधी येते. तुम्ही पूर्ण पत्ता देऊन बांधलं की ती येते. ती चूक नाही. सोडवताना फाइली थेट मूळ जागी जाऊन काही पुसू नयेत म्हणून टार ही काळजी घेतं.

न सोडवता आत डोकावणं

टार -टी -एफ कानबाई.टार.जीझेड

टी म्हणजे यादी. कुणाकडूनही आलेला गठ्ठा सोडवण्याआधी ही यादी बघायचीच. सगळ्या नावांची सुरुवात एका फोल्डरने होते का ते पाहा. होत नसेल तर तो विखुरणारा गठ्ठा आहे. उघडताना -झेड द्यायची गरज नाही, कशाने दाबलं आहे ते टार स्वतः ओळखतं.

आणि कागदावरचा आकडा आता काढा:

टार -टी -एफ कानबाई.टार.जीझेड | डब्ल्यूसी -एल

फाइंडने दिलेल्या आकड्याशी हा जुळला पाहिजे. (काही वगळलं असेल तर तेवढा फरक पडणार.)

यादीत मराठी नावांऐवजी \340\244\225 असे आकडे दिसले तर घाबरू नका. हे तीन आकडे म्हणजे 'क'चे तीन बाइट. तुमच्या टर्मिनलची भाषा यूटीएफ-8 वर नसल्यामुळे टार ते अक्षर दाखवायला धजत नाही, गठ्ठ्यात नाव अगदी शाबूत असतं.

नावांवरून आणखी एक. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत एका नावाला 255 बाइटची मर्यादा आहे. देवनागरीला 3 बाइट, म्हणजे 85 चिन्हं, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचं प्रत्येकाचं वेगळं चिन्ह मोजलं जातं. 'कानबाई'तच 6 चिन्हं होतात. गाण्याची पूर्ण पहिली ओळ नावात घालायची आमची हौस या मर्यादेला जाऊन धडकली. आता फाइलीला क्रमांक आणि दोन शब्द देतो, पूर्ण ओळ आतल्या टेक्स्टमध्ये.

सोडवणं

कधीही रिकाम्या जागी सोडवा. टार सोडवताना त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर न विचारता तिच्यावर लिहितं. गेल्या महिन्याचा गठ्ठा चालू फोल्डरवर सोडवलात तर महिन्याभराची दुरुस्ती गेली.

एमकेडीआयआर तपासणी

टार -एक्स -एफ कानबाई.टार.जीझेड -सी तपासणी

इथे दुसरा सी मोठा आहे. मोठा सी म्हणजे 'त्या फोल्डरमध्ये जाऊन काम कर'. एक्स म्हणजे सोडव. अगदीच चालू फोल्डरवर सोडवायची वेळ आली तर -के जोडा, मग आधीच्या फाइलींना हात लागत नाही.

एकच फाइल हवी असेल तर -टीच्या यादीत तिचं नाव जसं दिसतं तसंच्या तसं, फोल्डरसकट, शेवटी द्या.

सोडवल्यावर दोन-चार गाणी खरोखर वाजवून ऐका. एखादी टेक्स्ट फाइल उघडून वाचा. लिनक्सवर याहून काटेकोर तपासही आहे:

टार -डी -एफ कानबाई.टार.जीझेड

गठ्ठ्यातली प्रत्येक फाइल समोरच्या मूळ फोल्डरशी ताडून पाहिली जाते. काहीच उमटलं नाही तर सगळं जुळलं. विंडोज आणि मॅकवरच्या टारमध्ये ही सोय नाही. तिथे सोडवून पाहणं हाच मार्ग.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास असतो आणि वीज कधीही जाते. काम अर्ध्यावर तुटलं की त्याच नावाची अर्धी फाइल मागे राहते, आणि ती दिसायला पूर्ण फाइलीसारखीच असते. शंका असेल तर:

जीझिप -टी कानबाई.टार.जीझेड

काही न बोलता परत आलं तर फाइल धड आहे. अनपेक्षित शेवट झाल्याचं सांगितलं तर पुसा आणि पुन्हा बांधा.

तुकडे करणं

पेनड्राइव्ह फॅट32चा असेल आणि बदलता येत नसेल तर गठ्ठ्याचे तुकडे करा:

स्प्लिट -बी 2जी कानबाई.टार.जीझेड कानबाई.भाग-

यातला जी मोठा. भाग-एए, भाग-एबी अशी नावं आपोआप पडतात. जोडताना (मधलं > चिन्ह म्हणजे निकाल पुढच्या नावाच्या फाइलीत लिही):

कॅट कानबाई.भाग-* > जोडलेला.टार.जीझेड

नावं वर्णानुक्रमाने असल्यामुळे तुकडे बरोबर क्रमाने जोडले जातात, म्हणून त्यांची नावं बदलू नका. पेनड्राइव्हवर दुसरं काही नसेल तर तो एक्सफॅट करून घेणं याहून सोपं आहे.

दुसऱ्याला पाठवायचं असेल तर

महा ई-सेवा केंद्रात किंवा कचेरीत टार पाठवू नका, झिप पाठवा. तिथे समोरच्याला दोनदा क्लिक करून उघडता आलं पाहिजे. विंडोज 11च्या एक्सप्लोररमध्ये 2023 पासून टारही उघडतं, पण समोर कुठला संगणक असेल त्याचा नेम नाही. विंडोजवरच्या टारने झिपही करता येते:

टार -ए -सी -एफ कागद.झिप कागद

-ए म्हणजे नावाच्या शेवटावरून प्रकार ओळख. बाहेरच्या फाइलीचं नाव अशा वेळी मी इंग्रजी अक्षरांत ठेवतो. लिनक्सवर ही युक्ती चालत नाही, तिथे झिप -आर कागद.झिप कागद.

आधार, सातबारा, बँकेचे कागद असतील तर पासवर्ड हवा, आणि टारमध्ये तो नाही. झिपचा जुना पासवर्ड कच्चा आहे, त्यावर विसंबू नका. त्यासाठी 7झिप:

7झेड ए -पी -एमएचई=ऑन कागद.7झेड कागद

-पीपुढे काही न लिहिता सोडा, तो पासवर्ड विचारेल. कमांडमध्येच लिहिला तर टर्मिनलच्या इतिहासात राहतो. -एमएचई=ऑनमुळे आतल्या फाइलींची नावंही झाकली जातात. सोडवताना 7झेड एक्स वापरा. 7झेड ई केलं तर फोल्डरांची रचना मोडून सगळं एका ढिगात पडतं. लिनक्सच्या संपूर्ण बॅकअपसाठी मात्र 7झेड नको, फाइलींचे मालक कोण ते त्यात राहत नाही.

ओळखखूण

गठ्ठा तयार झाला, तपासला, आता दोन ठिकाणी जाणार. तिकडे पोहोचलेला तोच आहे हे कळायला:

शा256सम कानबाई.टार.जीझेड > कानबाई.खूण

फाइलीतला एक बाइट बदलला तरी ही 64 अक्षरांची खूण पूर्ण बदलते. खुणेची फाइल गठ्ठ्यासोबत पाठवा. तिकडे दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवून:

शा256सम -सी कानबाई.खूण

'ओके' आलं की पोहोचलं.

आमचा नियम आता असा आहे: लॅपटॉपवरचा मूळ फोल्डर तसाच, एक गठ्ठा घरच्या हार्ड डिस्कवर, एक शिरपूरला. डिस्क शिरपूरला पोहोचली की भाचा फोन करतो, खूण तपासतो, गठ्ठा रिकाम्या फोल्डरमध्ये सोडवतो आणि मोजलेला आकडा सांगतो. मग मी यादीतलं एखादं गाणं निवडतो आणि तो ते फोनवर वाजवून दाखवतो. गेल्या वेळी सतरावं निवडलं होतं. मावशी मध्येच थांबून कुणाला तरी रोट झाकायला सांगते, ते आवाजासकट आलं होतं.